जुनी शिडाची होडी, थोडे पैसे आणि एकटीचा प्रवास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्समध्ये, माझी एक शिडाची होडी आहे. २६ फुटी, फायबरग्लासची, १९७४ सालची. म्हणजे माझ्याहून तीनच वर्षांनी लहान. ती घेतल्यापासून मंडळाच्या गणपतीत, लग्नाच्या पंगतीत आणि देवगडच्या मामाशी व्हिडिओ कॉलवर मला तेच तेच प्रश्न विचारले जातात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढते आहे. मी होड्या बांधणारी नाही. पेशा हिशेबनिशीचा, त्यामुळे पैशांचे आकडे तेवढे चोख मिळतील.

हा श्रीमंतांचा खेळ ना?

नव्या कोऱ्या यॉटचा असेल. जुन्या होडीचं गणित वेगळं आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत युरोपात फायबरग्लासच्या छोट्या होड्या हजारोंनी बांधल्या गेल्या. हा माल नवा होता, किती जाड लागेल याचा नीट अंदाज नव्हता, म्हणून बऱ्याच जणांनी सढळ हातानं थर चढवले. लाकडासारखं ते कुजत नाही. त्यामुळे पन्नास वर्षांनीही होडीचं धड शाबूत असतं. मालक मात्र म्हातारे झालेले असतात. गुडघे दुखतात, मुलांना रस नसतो आणि जागेचं भाडं दर वर्षी येतच राहतं. होडी मोडीत काढायलाही पैसे पडतात. म्हणून विकणाऱ्याला अनेकदा किमतीपेक्षा सुटका हवी असते.

फुकट मिळणाऱ्या होडीपासून मात्र लांब राहा. तिच्या पाठीमागे बहुधा थकलेलं भाडं, गंजलेलं इंजिन आणि कोणाचं तरी मोडलेलं मन असतं. तिघांचीही बिलं तुमच्याकडे येतात.

नेमके किती पैसे लागले?

होडी २,८०० पौंडांना घेतली. त्यानंतर सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून होडीची तपासणी, ४२०, डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या सगळ्या तारा नव्या ९५०, तळातले तीन व्हॉल्व्ह आणि त्यांचे पाइप २१०, बॅटरी, सोलर पॅनल, वायर आणि दिवे ४८०, वापरलेला नांगर आणि साखळी १६०, वापरलेलं पण बरं मुख्य शीड ३००, इंजिन १,१४०, आणि लाइफजॅकेट, रेडिओ, संकटसंदेश देणारं यंत्र वगैरे ६२०. एकूण ४,२८०. म्हणजे खरेदीच्या दीडपट रक्कम नंतर गेली, आणि मजुरी यात धरलेलीच नाही, कारण मजूर मीच होते. दोन हिवाळ्यांचे शनिवार-रविवार.

शिवाय दर वर्षी साधारण १,५०० जातात: नदीतल्या बॉयाला (तळाशी बांधलेल्या तरंगत्या गोळ्याला) होडी बांधायचं भाडं ६८०, विमा १४०, हिवाळ्यात क्रेननं बाहेर काढून जमिनीवर ठेवायला ५२०, बाकी रंग आणि धातूचे भाग गंजू नयेत म्हणून लावायचे जस्ताचे तुकडे. मरीनात, म्हणजे होड्यांच्या बांधीव धक्क्यावर, जागा घेतली असती तर ही रक्कम दुपटीच्या वर गेली असती. मरीनात नळ असतो, वीज असते, गरम पाण्याचा शॉवर असतो. मला वल्ही मारत होडीपर्यंत जावं लागतं. पावसात तेही भिजतच. स्वस्तातलं नौकानयन म्हणजे मुख्यतः हेच.

कोणती होडी शोधावी?

एकटीला किंवा एकट्याला २४ ते २७ फूट. याहून लहान होडीत पाठ सरळ करता येत नाही. याहून मोठीत प्रत्येक गोष्ट नुसती मोठी होत नाही, जड आणि महाग होते. तीस फुटीतला नांगर हातानं उचलायला दम लागतो. पस्तीस फुटीचं शीड वाऱ्यात एकटीनं आवरायचं म्हणजे विंच (दोरी ओढायचे फिरते ड्रम) हव्यात, आणि चांगल्या विंचच्या जोडीच्या किमतीत आमच्याकडे एक छोटी होडी येते.

नावंच हवी असतील तर ही घ्या. वेस्टर्ली सेंटॉर: २६ फुटी, १९६९ ते १९८० या काळात दोन हजारांहून जास्त बांधल्या गेल्या, इथल्या प्रत्येक खाडीत एक तरी दिसते. तिला तळाखाली एकाऐवजी दोन कीली आहेत. कील म्हणजे होडीला उलटू न देणारी वजनदार पात. घेताना किलींच्या मुळाशी आतून मजबुतीकरण झालं आहे का, हे जरूर विचारा. अल्बिन वेगा: स्वीडनची, २७ फुटी. मॅट रदरफर्ड हा अमेरिकन माणूस २०११-१२ मध्ये हिच्यातून एकटा, न थांबता, उत्तर आणि दक्षिण अमेरिका खंडांना वळसा घालून आला. ३०९ दिवस. काँटेसा २६: अरुंद, आत वाकून फिरावं लागतं, पण समुद्रात गुणी. न्यूयॉर्कची टानिया एबी १९८५ मध्ये अठराव्या वर्षी हिच्यातून निघाली आणि जवळजवळ सगळं जग एकटीनं फिरून १९८७ मध्ये परतली. तिच्या होडीचं नाव होतं ‘वरुणा’. हे वाचलं तेव्हा मला उगाचच माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटलं.

आणि ज्यांना वाटतं की अजून पैसे साठवू मग बघू, त्यांच्यासाठी शेन ॲक्टन. १९७२ मध्ये केंब्रिजहून १८ फुटी प्लायवूडच्या होडीतून निघाला, फारसं येत नसताना. वाटेत जोडीदार मिळाली, आणि १९८० मध्ये जगप्रदक्षिणा करून आला. १८ फूट म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या घरातली बाहेरची खोली. मी तेवढी धाडसी नाही, पण हुरूप येतो.

दोन कीली कशाला?

चिखलासाठी. एसेक्सच्या नद्यांत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. ओहोटीला निम्मी खाडी कोरडी पडते. एका खोल किलीची होडी तिथे कलंडून आडवी होते. दोन कीलींची दोन पायांवर उभी राहते आणि तुम्ही आत निवांत चहा पिता. अशा कोरड्या पडणाऱ्या जागेचं भाडंही कमी असतं. बदल्यात वाऱ्याच्या तोंडावर जाताना ती जरा आळशी असते. मला चालतं. कुठे शर्यत लावायची आहे!

चालती होडी घ्यावी की मोडकी स्वस्तात घेऊन दुरुस्त करावी?

चालती. यावर मी वाद घालायलाही तयार नाही.

आमच्या यार्डात ताडपत्रीखाली झाकलेल्या होड्यांची एक रांग आहे. त्यातली एक मी आले तेव्हाही तिथेच होती आणि तिचा मालक तेव्हाही ‘पुढच्या उन्हाळ्यात’ म्हणत होता. मोडक्या होडीचा खर्च कधीच एका गोष्टीवर थांबत नाही. शीड बदलायला जावं तर डोलकाठी, डोलकाठी काढावी तर खालचं लाकूड. त्याउलट गेल्या उन्हाळ्यात पाण्यात असलेली, कोणीतरी जीव लावून सांभाळलेली, दिसायला कळकट होडी मिळाली तर डोळे मिटून, म्हणजे सर्व्हे करून, घ्या. गाद्या घाणेरड्या असतील तर उत्तम, त्यामुळे किंमत उतरते. दोऱ्या नीट गुंडाळलेल्या आहेत का आणि इंजिनाच्या सर्व्हिसची वही आहे का, हे मी आधी बघते. मालक कसा होता ते त्यावरून कळतं.

बघायला गेल्यावर काय काय तपासायचं?

जुने कपडे घाला, विजेरी, छोटी प्लास्टिकची हातोडी आणि टोचून बघायला काहीतरी टोकदार न्या, आणि शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जा. कोरड्या दिवशी प्रत्येक होडी गुणाची असते.

आत शिरताच वास घ्या. ओल, डिझेल आणि बुरशी हे तीन वास वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. मग डेकवर हातोडी वाजवत फिरा. अनेक होड्यांच्या डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड भरलेलं असतं. स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपून ते आतल्या आत कुजतं. घट्ट जागी टणटणीत आवाज येतो, कुजल्या जागी भद्द. बाजारात नारळ वाजवून घेतलेत ना? तसंच. पाय दिल्यावर डेक दबत असेल तर किंमत उतरवा किंवा घरी जा.

डोलकाठीच्या तारा जिथे धातूच्या टोकांत दाबून बसवलेल्या असतात, तिथे भिंगानं बारीक चिरा बघा. त्या तारा ज्या पट्ट्यांना अडकतात त्या डेकमधून आत उतरतात. स्टेनलेस स्टीलला हवा न मिळता ओल मिळाली की ते आतून खंगतं आणि बाहेरून चकचकीत राहतं. पट्टीच्या खाली, केबिनच्या आत, तपकिरी ओघळ दिसले की तिथे थांबा. तारांचं वय विचारा. दहा-पंधरा वर्षांनी बदला असं विमा कंपन्या सांगतात. ‘मी घेतल्यापासून याच आहेत’ हे उत्तर मिळालं तर त्या नव्या घ्यायच्या आहेत असंच धरून चाला.

सुकाणू दोन्ही हातांनी हलवून बघा, खडखड किती आहे ते. कील आणि धड यांच्या सांध्यातून गंजाचे ओघळ येतात का ते बघा. मग तळातले व्हॉल्व्ह. इथे त्यांना सीकॉक म्हणतात. संडास, सिंक आणि इंजिनाचं थंड करणारं पाणी यांच्यासाठी होडीच्या तळाला मुद्दाम भोकं पाडलेली असतात आणि प्रत्येकावर एक व्हॉल्व्ह असतो. साध्या पितळेचा असेल तर समुद्राच्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे गुलाबीसर, ठिसूळ तांबं उरतं. प्रत्येक व्हॉल्व्ह उघडबंद करून बघा. माझ्या होडीत एकाची मूठ हातातच आली. मालक म्हणाला, ‘तो आम्ही कधी बंद करतच नाही.’

सर्व्हेअर घ्यावाच लागतो का?

हो. जुन्या होडीचा विमा काढताना बहुतेक कंपन्या सर्व्हेचा अहवाल मागतात. पण तो फक्त विम्यासाठी नाही. माझ्या सर्व्हेअरनं दोन पानं भरून दोष लिहिले आणि त्या दोन पानांवर मी ७०० पौंड कमी करून घेतले. विकणाऱ्यानं सुचवलेला सर्व्हेअर घेऊ नका. लग्नात मुलाकडची चौकशी मुलाच्याच मामाकडे करत नाहीत.

तळावर फोड आहेत. ऑस्मोसिस म्हणतात ते हेच का? होडी गेली का?

बहुधा तेच, आणि नाही गेली. वर्षानुवर्षं पाण्यात राहून ओल बाहेरच्या थरातून आत शिरते, रेझिनमधल्या काही घटकांशी तिची प्रक्रिया होते आणि फोड येतात. एक फोडून बघा, व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. पूर्ण उपचार म्हणजे बाहेरचा थर सोलून, महिनोन्‌महिने वाळवून एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणारं रेझिन, चढवणं. तो खर्च या होड्यांच्या किमतीहून जास्त होतो. माझ्या होडीला नाण्याएवढे बारा-पंधरा फोड होते. कोरून, धुऊन, वाळवून एपॉक्सीनं भरले. अशा फोडांनी होडी बुडाल्याचं मी कुणाकडून ऐकलेलं नाही. कुजका पाइप निसटून बुडाल्याचं मात्र ऐकलं आहे.

दुरुस्तीला सुरुवात कुठून करायची?

आधी ज्यांच्यामुळे होडी बुडेल त्या गोष्टी. मग ज्यांच्यामुळे डोलकाठी पडेल त्या. मग इंजिन, नांगर, दिवे. गाद्या, पडदे, पॉलिश सगळ्यात शेवटी.

हे मला आता कळतं. पहिला अख्खा महिना मी केबिनमधलं सागवान घासून वॉर्निश करण्यात घालवला, कारण त्यात लगेच फळ दिसतं. फोटो काढून बहिणीला पाठवले. मग एका रात्री पाऊस लागला आणि उजवीकडची गादी ओली झाली. डोलकाठीची तार जिला अडकते त्या पट्टीच्या बाजूनं पाणी येत होतं. ती ज्या प्लायवूडच्या आडभिंतीला बोल्ट केली होती तिला स्क्रूड्रायव्हर टोचला, तर चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा आत गेला. डोलकाठीची अर्धी ताकद त्या भिंतीवर होती, आणि तिच्यावर मी तीन हात वॉर्निश दिलं होतं.

कुजलेला भाग कोरडं लाकूड लागेपर्यंत कापला, चांगल्या मरीन प्लायचा तुकडा तिरक्या सांध्यानं बसवला, एपॉक्सी आणि काचेचं कापड दोन्ही बाजूंनी. पट्टी काढून साफ केली, नव्या बोल्टांनी लावली आणि डेकवरच्या भोकाला ब्युटाइल रबराची चिकट फीत भरली. तीन आठवडे गेले. सामानाचा खर्च शंभर पौंडांच्या आत. तेव्हापासून नियम केला आहे: डेकवरचा एकेक नट-बोल्ट काढून, भोक स्वच्छ करून, पुन्हा सील करायचा. कंटाळवाणं काम आहे. पण कोरड्या अंथरुणात झोपायचं असेल तर दुसरा उपाय नाही.

मला हातोडीही धड धरता येत नाही. जमेल?

मलाही येत नव्हती. एपॉक्सी म्हणजे मापं काटेकोर पाळायचा स्वयंपाक, डोळ्यांच्या अंदाजानं केला की बिघडतो. थंडीत ते घट्ट होत नाही. दहा अंशांच्या खाली मी हातच लावत नाही, आणि इंग्लंडमध्ये याचा अर्थ नोव्हेंबर ते मार्च लाकूडकाम आणि वायरिंग. फायबरग्लास घासताना चांगला मास्क लावाच, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. तळाचा जुना रंग शेवाळ मारण्यासाठी विषारी केलेला असतो. तो कधीही कोरडा घासू नका, ओला करून घासा.

एकच काम मी पैसे देऊन करून घेतलं, तारांची टोकं दाबून घेणं. बसवल्या मीच.

इंजिन चालत नसेल तर?

तर घासाघीस करा. पण ‘चालत नाही’चे अर्थ अनेक. जुनं छोटं डिझेल इंजिन साधं जनावर आहे: स्वच्छ डिझेल, हवा आणि थंड पाणी मिळालं की चालतं. निम्म्या तक्रारी इंजिनाच्या नसतातच. टाकीत पाणी साठतं, पाणी आणि डिझेलच्या मधल्या थरात जिवाणू वाढतात आणि काळा गाळ फिल्टर बुजवतो. नेमकं लाटांमध्ये, कारण लाटा गाळ ढवळतात. माझे १,१४० पौंड नवी टाकी, इंजेक्टरची दुरुस्ती, कूलिंगचा पंप आणि एक मेकॅनिक यांत गेले. इंजिन सुरुवातीपासून बरंच होतं.

२६ फुटांखालच्या होडीला मागे टांगायचं आउटबोर्ड इंजिन हाही मार्ग आहे. स्वस्त, आणि बिघडलं तर उचलून दुकानात नेता येतं. लाटांत ते पाण्याबाहेर येऊन घरघरतं एवढाच दोष.

सुकाणू धरायचं आणि शीडही ओढायचं, एकटीनं कसं?

सुकाणू दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं. माझ्याकडे सुकाणूच्या दांड्याला लावायचं छोटं विजेवरचं यंत्र आहे. खरा सोबती मात्र वाऱ्यावर चालणारं सुकाणूयंत्र. मागे एक पातं असतं, वाऱ्याची दिशा बदलली की ते कलतं आणि दोऱ्यांनी दांडा ओढतं. वीज लागत नाही, भूक लागत नाही. ब्लाँडी हॅस्लर या इंग्रज गृहस्थानं असं यंत्र लावलेल्या २५ फुटी ‘जेस्टर’मधून १९६० ची अटलांटिकपारची पहिली एकट्यांची शर्यत केली. वापरलेलं मिळालं तर सोडू नका.

दुसरं, वारा वाढतोय असं मनात आलं की शीड कमी करायचं. मनात आलं तेव्हाच. सगळ्या दोऱ्या मागे, बसल्या जागी हाताशी आणून घ्या. आणि होडी भर समुद्रात जागीच थांबवून ठेवायला शिका: पुढचं शीड उलट्या बाजूला धरलेलं, सुकाणू वाऱ्याकडे वळवण्याच्या बाजूला बांधलेलं. दोघं एकमेकांशी भांडत राहतात आणि होडी जागच्या जागी हळूहळू डुलत सरकते. गोंधळ थांबतो. मग नकाशा बघा, पोळी खा, रडायचं असेल तर रडा.

एकटीच जातस? मगे निजतस कधी?

हा मामाचा प्रश्न. त्यानं आयुष्यभर मासेमारी केली, आणि सगळ्यांत अवघड प्रश्न त्यानंच काढला.

खरं उत्तर: मी रात्री नांगरावर निजते. माझे प्रवास दिवसाचे. ब्लॅकवॉटर नदीतून निघून वॉल्टनच्या खाड्या, तिथून ऑरवेल, डेबेन या नद्या. सहा-आठ तासांत पुढचा आडोसा. मोठ्या समुद्रावर एकटे जाणारे पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावून तुकड्यातुकड्यांनी झोपतात, कारण क्षितिजावर दिसलेलं मोठं जहाज तेवढ्यातच अंगावर येऊ शकतं. सतत नजर ठेवा असं आंतरराष्ट्रीय नियम सांगतात, त्यामुळे झोपलेला एकटा माणूस नियम मोडतच असतो. मी सलग छत्तीस तास एकदा केले. दुसऱ्या पहाटे मला केबिनमध्ये आजी पोळ्या लाटताना ऐकू आली. पुन्हा केलं नाही.

पाण्यात पडलात तर?

होडी तशीच पुढे निघून जाईल. सुकाणूयंत्र किती इमानी आहे ते तेव्हा कळेल. म्हणून पडायचंच नाही. डेकवर पुढून मागेपर्यंत मजबूत पट्टा बांधलेला असतो, त्याला आखूड दोरीनं स्वतःला अडकवायचं, शांत समुद्रातही. पाण्यातून हात पोचेल अशी शिडी हवी. गळ्यात संकटसंदेश देणारं छोटं यंत्र, इथे त्याची नोंदणी मोफत होते. इथलं पाणी उन्हाळ्यातही असं थंड असतं की पडल्याबरोबर श्वासच अडकतो. पोहता येतं की नाही हा मुद्दा त्यानंतरचा.

परवाना लागतो का? भारतीय पासपोर्टवर चालतं का?

ब्रिटनमध्ये स्वतःची छोटी होडी स्वतःच्या हौसेसाठी चालवायला परवाना लागत नाही. ऐकून लोक दचकतात. रेडिओ वापरायला मात्र छोटा कोर्स आणि प्रमाणपत्र लागतं. परदेशी पाण्यात जायचं असेल तर होडीची नोंदणी हवी. छोट्या होड्यांसाठीची नोंदवही इथे राहणाऱ्यांना खुली आहे. विक्रीचा लेखी करार आणि जुन्या मालकांची साखळी कागदावर घ्या, होडीवर कुणाचं कर्ज नाही ना तेही विचारा.

खरी अडचण आपल्या पासपोर्टची. नकाशावर फ्रान्स एका दिवसावर दिसतो. पण भारतीय पासपोर्टवर स्वतःच्या होडीतून गेलात तरी शेंगेन व्हिसा लागतोच, आणि अधिकृत प्रवेशाच्या बंदरातच आधी जावं लागतं. मी दोन उन्हाळे या किनाऱ्यावरच काढले त्याचं हे एक कारण. दुसरं, तेवढ्यातही तो संपला नाही.

शिकायचं कुठे?

एक आठवड्याचा कोर्स करा, मग दुसऱ्यांच्या होडीवर हरकामे म्हणून जा. माणूस कमी असलेला मालक प्रत्येक क्लबात असतो.

जेवणाचं काय?

या बाबतीत आपण गोऱ्यांच्या कोस पुढे आहोत. प्रेशर कुकर ही होडीवरची सर्वोत्तम वस्तू आहे: झाकण बंद, होडी कलली तरी सांडत नाही, इंधन निम्मं. तीन लिटरच्या कुकरमध्ये मुगाची खिचडी, वर मेतकूट-तूप. भाजणी, पोहे, गोडा मसाला, सुक्या खोबऱ्याची चटणी महिनाभर टिकते. हलत्या होडीत फोडणी करायची नाही. कढत तेल आणि आडवी लाट एकाच वेळी आली तर डॉक्टर पाच तासांवर. मी घरून फोडणीची बाटली करून नेते. थालीपीठ फक्त नांगर टाकल्यावर.

गॅस जपून. तो हवेपेक्षा जड, गळला तर होडीच्या तळाशी साठतो आणि तिथून निघून जायला खिडकी नसते. सिलिंडर बाहेर उतार असलेल्या वेगळ्या कप्प्यात हवा. मी स्पिरिटचा स्टोव्ह वापरते. हळू आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कोणत्याही स्टोव्हला हवाच.

संडास?

बादली. पुढचा प्रश्न.

वीज?

शंभर वॉटचं पॅनल, शंभर अँपिअर-तासाची एक बॅटरी, सगळे दिवे एलईडी. फ्रिज नाही. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.

नांगर किती मोठा हवा?

तुम्हाला वाटतो त्याहून एक माप मोठा. माझ्याकडे दहा किलोचा आहे, आठ मिलिमीटर जाडीची तीस मीटर साखळी. हिशेब भरतीच्या खोलीचा करायचा: ओहोटीला तीन मीटर पाणी आणि वर चार मीटर भरती, म्हणजे सात. त्याच्या चौपट, अठ्ठावीस मीटर साखळी सोडायची. वारा असेल तर आणखी दोरी जोडायची. नवखे लोक ओहोटीला मोजतात आणि मध्यरात्री दुसऱ्याच गावात उठतात.

हेच सगळं कोकणात करता येईल का?

मन म्हणतं हो. जयगड, दाभोळ, विजयदुर्ग: प्रत्येक दिवसाच्या अंतरावर नदीचं मुख, आत आडोसा, वर किल्ला. पहाटे मतलई वारा, दुपारी खारा, दोन्हींवर शीड भरतं. पण वापरलेल्या होड्यांचा बाजार आपल्याकडे छोटा आहे. परदेशातून आणायची तर सीमाशुल्क. हंगाम पावसाळ्यानंतरचा. रात्री बिनदिव्यांच्या होड्या आणि जाळी. मामा म्हणतो, जाळ्यात तुझा पंखा अडकला तर जाळंवालो तुका सोडुचो नाय.

होड्या बांधायचं कसब मात्र आपल्याकडे पहिल्यापासून आहे. १९६८-६९ मध्ये ३१२ दिवस न थांबता एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, त्याची ३२ फुटी ‘सुहैली’ मुंबईत बांधलेली, सागवानाची. अरबी खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला सुहैली म्हणतात, आणि सुहैल म्हणजे आपला अगस्त्य तारा. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्यानं जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय झाले ते गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून. तीही गोष्ट स्वस्तातली नव्हे, ती नौदलाची मोहीम होती. बाईमाणसानं एकटीनं कशाला, असं विचारणाऱ्या काकूंना मी ‘तारिणी’ या नौदलाच्या होडीवरून झालेल्या जगप्रदक्षिणांचं सांगते: २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा जणी, आणि २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा या दोघीच. काकू म्हणतात, त्या नौदलातल्या, तू हिशेबातली. हेही खरंच.

जुन्या होडीचं नाव बदललं तर अपशकुन होतो म्हणे?

तसं इथलेही लोक मानतात. मी बदललं नाही, पण शकुनासाठी नव्हे. नोंदणी, रेडिओचा परवाना आणि विमा, तिन्हीकडे अर्ज करायचा कंटाळा आला. नारळ मात्र दर वर्षी देते, नारळी पौर्णिमेला. आपल्याकडे हंगाम तेव्हा सुरू होतो, इथे संपत आलेला असतो. पहिल्या वर्षी सुपरमार्केटमधला सोललेला नारळ हळदकुंकू लावून ओहोटीच्या पाण्यात सोडला, हात जोडले आणि आत जाऊन झोपले. सकाळी होडी चिखलात दोन पायांवर उभी होती आणि भरतीबरोबर परत आलेला नारळ दोन कीलींच्या बरोबर मध्ये पडला होता.